टेपवर आमटी मागणारा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पैजेवर शिवडीच्या कबरस्तानात झोपलोय मी. माझ्या घोरण्याने तिथल्या मंडळींची झोपमोड झाली असेल तर माफी. थापाड्या म्हणून डिलाईल रोडवर माझं नाव आहे, तेही मान्य. पण हे टेप झालंय...

गिरणी संपाला पाच-सहा वर्षं उलटली होती. आमचे सर संपाच्या काळातल्या राजकीय हिंसाचारावर संशोधन करत होते. मी त्यांचा सहाय्यक — म्हणजे टेपरेकॉर्डरचा हमाल. त्यांच्या पुस्तकाच्या एका प्रकरणात वाक्य होतं : गिरणीच्या गेटवर गावठी बॉम्ब दामू नावाच्या संपकऱ्याने फेकला. दामू त्याच दिवसापासून बेपत्ता. गावात त्याची बायको 'बॉम्बवाल्याची' झालेली.

दामू जेवायचा त्या खानावळीत गेलो. दुसरा मजला, दुपारचा दीड, खोलीत मी आणि खानावळ चालवणाऱ्या मावशी, दोघंच. दाराला आतून कडी. फळीवर दामूचं नाव कोरलेलं ताट, पालथं.

"लिव तुझ्या पुस्तकात," मावशी म्हणाल्या. "बॉम्ब फुटलो तेव्हा दामू हयच जेवत होतो. बघूक म्हणून अर्ध्या ताटावरून उठलो, तो गेलोच."

"आणखी कोणी होतं का, मावशी? आमच्या सरांना शिंक आली तरी दोन साक्षीदार लागतात."

"मेल्या, ह्या वयात मी खोटा बोलतंय?"

दादरला सरांच्या खोलीत टेप लावली. माझा तो 'आणखी कोणी'वाला प्रश्न चालू, आणि त्याच्याखाली पुरुषाचा आवाज, स्वच्छ :

"मावशे, वायच आमटी घाल गो."

सरांनी तीनदा टेप मागे घेतली. "तू काढलास हा आवाज?"

"सर, थापा कितीही मारीन. पण एकाच तोंडाने एकाच वेळी दोन आवाज मलाही जमत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः खानावळीत आले. मावशींनी टेप ऐकली. मला वाटलं, किंचाळतील. त्या उठल्या, फळीवरचं ताट काढलं, पदराने पुसलं.

"मागल्यान रे त्येना..." त्या म्हणाल्या, "आणि मी वाढूकच नाय!"

वाटी भरून आमटी वाढली. आम्ही तिघंही त्या ताटाकडे बघत बसलो. आमटी काही कमी झाली नाही — इथे थाप मारायचा मोह होतोय, पण नाही झाली.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. रेडिओवाल्यांना ऐकवली, इंजिनियरांना ऐकवली. सरांनी पुस्तकातलं दामूवरचं ते वाक्य खोडलं आणि 'बॉम्ब कोणी फेकला ते सिद्ध होत नाही' असं लिहिलं. मी स्वतः गावी जाऊन दामूच्या बायकोला ती टेप ऐकवली आणि ते पान वाचून दाखवलं, तळटीपेसकट :

साक्षीदार दोन. एक, खानावळीची मालकीण. दुसऱ्याने नाव सांगितलेले नाही.

ती म्हणाली, "आमटी त्येका आंबटच लागता. सांगितलास मा मावशीक?"