मास्तरांचा प्रश्न आणि दोन भोवरे

माझ्या डोक्यावर केसांचे दोन भोवरे आहेत. आमच्याकडे याचा अर्थ एकच लावतात: या माणसाची दोन लग्नं व्हायची, म्हणजे पहिला जोडीदार टिकायचा नाही. पारशिवनीचं एक स्थळ यावरूनच मोडलं. त्यांच्याकडच्या कुणा मामीनं लाडानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तिची बोटं मध्येच थांबली, आणि चहा न घेता मंडळी उठली. तेव्हापासून डोक्याकडे कुणाचा हात आला की मला संशय येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. पुढलं स्थळ कळमेश्वरचं आलं. मुलगा शाळेत इंग्रजी शिकवायचा. हे मोडलं तर धाकटीचंही अडेल, असं आईनं बजावून ठेवलं होतं. तिनं भोवऱ्यांवर भलामोठा गजरा असा चापून बसवला की माझी मान दुखायला लागली. "वर हात नेऊ नको वं," एवढंच म्हणाली.

नंदनवन वस्तीतलं आमचं घर, मे महिन्याची दुपार. कुलर नुसताच घरघरत होता, आणि नवरदेव टोपी घालून बसलेला. तरण्या माणसाला घरात टोपी कशाला? टक्कल लपवतोय मेला, मी मनाशी म्हटलं. त्याची आई तर त्याच्याहून वाईट. सारखी माझ्या गजऱ्याकडे टक लावून बघत होती.

वडील म्हणाले, "पोरगी बीए आहे, विचारा ना इंग्रजीतलं काही."

मास्तरांनी घसा खाकरला. "व्होर्ल या शब्दाचा अर्थ सांगता का?"

शब्द मला ठाऊक होता. गोल फिरत फिरत आत जाणारं वळण. शंखावरचं, बोटाच्या ठशातलं, आणि डोक्यावरच्या केसांतलंही. एवढ्या मोठ्या इंग्रजीत याला हाच शब्द सापडला? कोणीतरी चुगली केली होती, नक्की.

मी अर्थ सांगितला, पण शंखापाशीच थांबले.

"आता वाक्यात वापरा," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी इंग्रजीत ठणकावलं की काही लोक पोरगी बघायला येत नाहीत, तिच्या डोक्यावरचे व्होर्ल मोजायला येतात. वडिलांनी कौतुकानं मान डोलावली. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता.

मास्तर गोरेमोरे झाले. मग टोपी चाचपत, खाली बघत, तेही इंग्रजीतच बोलले. माझ्या डोक्यावर दोन आहेत, म्हणाले. घरच्यांनी लपवायला सांगितलंय, पण तुम्हाला फसवायचं नाही, म्हणून हा शब्द काढला. नको असेल तर नकार मी कळवतो, तुमच्यावर बोल येणार नाही.

"मलाही दोन," मी इंग्रजीतच म्हणाले. बैठकीतल्या सगळ्यांना वाटलं, परीक्षा छान झाली.

तरी माझा विश्वास बसला नाही. माझ्या तोंडून वदवून घ्यायचा हा डाव असेल, असं लग्न लागेपर्यंत वाटत होतं. लग्नानंतर टोपी उतरली आणि दोन्ही भोवरे दिसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सासूबाई राहिल्या होत्या. त्यांचा हात मी डोक्याला लागूच दिला नाही. पण पहिल्या दिवाळीला त्या तेलाची वाटी घेऊन बसल्याच. पाटावरून उठता येईना. त्यांची बोटं फिरत फिरत माथ्यावर आली आणि थांबली. आता माहेरी रवानगी, मी मनात बोचकं बांधायला घेतलं.

"तुया मायनं एवढा गजरा काहून घातला, ते मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग हो काहून म्हटलं?"

"याले दोन हायेत. एका भोवऱ्याच्या चांगल्या चांगल्या पोरी मी पाहून सोडल्या. आपल्या पोरापायी लोकायची लेक मारायची काय?" बोटं पुन्हा फिरायला लागली. "तुले बी दोन, त्याले बी दोन. बरोबरी झाली. आता कोणी कोणाले खात नाही."

जिला मी इतके दिवस वैरीण समजत होते, ती परक्या पोरींच्या जिवाला जपत बसली होती. मला रडूच आलं. तेल डोळ्यांत गेलं, असं मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं असेल का, याचा मला आजही संशय आहे.