पोपटीचा पहिला घास

नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, ते नव्वदच्या दशकाच्या मध्यात. घरात आम्ही चौघं: मी, हे, सासूबाई आणि यांच्या आत्या. आत्या तिशीत विधवा झाल्या आणि साताऱ्याहून भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घरी आल्या. सासरे गेल्यावरही त्या आमच्याकडेच राहिल्या.

लग्नानंतर पहिल्याच रविवारी सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "वन्संचं वेगळं कर. त्या मटण-मासळी खात नाहीत." मी सात वर्षं आत्यांसाठी पिठलं, नाहीतर मुगाची आमटी वेगळी करत आले. गंमत म्हणजे मटणाचं वाटण आत्याच करायच्या. खोबरं किती भाजायचं ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे. रस्सा उकळायला लागला की नुसत्या वासावरून म्हणायच्या, "मीठ कमी हाय गं."

त्या थंडीत यांना बढती मिळाली. ऑफिसातल्या पंचवीसेक जणांना जेवायला बोलवायचं ठरलं. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी शेजारच्या सारसोळे गावची मावशी थंडीत पोपटीच्या, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा-कोंबडीच्या, ऑर्डरी घ्यायची. यांनी तिलाच सांगितलं.

रविवारी दुपारी ती मडकी, सुका पेंढा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचे भारे घेऊन आली. इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तिनं बैठक मांडली. मडक्याच्या तळाला पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, मग केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, अंडी, रताळी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकी जमिनीवर पालथी घातली आणि वरून पेंढा पेटवून दिला. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही.

घरात गोड म्हणून मी गव्हाची खीर घोटत होते. आत्यांना म्हटलं, "तुम्ही खाली जाऊन बसा, तिला काही हवं-नको बघा." त्या चार वाजल्यापासून मावशीजवळ बसून होत्या. खिडकीतून दिसायचं, दोघी बोलताहेत, धुरानं डोळे पुसताहेत, हसताहेत.

उन्हं कलली तसे पाहुणे जमले. मी आणि सासूबाई पत्रावळ्या, कांदा, हिरवी चटणी घेऊन खाली उतरलो. शिजलंय का बघायला मावशीनं तापल्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्रर्र आवाज झाला. तिनं काठीनं निखारे बाजूला सारले आणि एक मडकं पानांवर रिकामं केलं. पाल्याचा कडवट वास आणि धुरकट मसाला एकदम नाकात शिरला. सगळे पुढे सरकले.

"थांबा जरा. आदी चव बगाया लागते," असं म्हणत मावशीनं केळीचं पान सोडलं, कोंबडीची तंगडी उचलली आणि शेजारी बसलेल्या आत्यांपुढे धरली. "घे गो बाय. दुपारधरना धूर खातंस."

मी "अहो, त्या नाही..." म्हणेपर्यंत आत्यांनी ती हातात घेतली होती. फुंकर मारली आणि चावा घेतला.

हे जवळजवळ ओरडलेच, "आत्या, चिकन आहे ते!"

"म्हाईत हाय मला," आत्या म्हणाल्या आणि खात राहिल्या.

मावशीचा हात शेंगांवर तसाच राहिला. सासूबाई पुढे झाल्या. "वन्सं, तुमी तर सोडलंय ना?"

आत्यांनी तोंडातला घास गिळला. "म्या कवा सोडलं? मालक गेलं, त्यांचं तेरावं झाल्यावर समद्यांना मटान वाढलं आन् माझ्या ताटात पिठलं. मग रोज तसंच येत गेलं."

"पण तुम्ही बोलायचं तरी!" हे म्हणाले.

"भावाच्या घरात ऱ्हायाचं, आन् वर मटान मागायचं?" आत्या रागावल्या नव्हत्या. बाजारात भेंडी महाग झाली म्हणावं, तशा बोलल्या. आत्या विधवा झाल्याला बावीस वर्षं. त्यातली सात माझी. त्यांनी खोबरं भाजायचं, मसाला वाटायचा, आम्ही हाडं चोखायची, आणि मला कधी "आत्या, वाढू का?" एवढंही सुचू नये?

मावशीनंच शेंगा पत्रावळ्यांवर ओतल्या. "अगो, ताटं घ्या, निवतंय," म्हणाली आणि सगळे भानावर आले. पाहुणे शेंगा सोलत बसले, रताळ्यांची तारीफ झाली, खीर संपली. मी नुसती वाढत राहिले.

सासूबाई दोन दिवस आत्यांशी बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्यात. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या, "मी वाईट नाय गं. मला बी कुणीतरी सांगितलं होतं, तसंच करत आले." आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

पुढच्या रविवारी मी मटण केलं आणि चार ताटं एकसारखी वाढली. आत्यांनी एक तुकडा तोंडात धरला, बराच वेळ घोळवला आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"काय झालं? शिजलं नाही का?" मी घाबरून विचारलं.

"शिजलंय की. दाढा न्हाईत आता माझ्या," त्या म्हणाल्या. "त्या दिशी कोंबडी मऊ व्हती."

मग सासूबाईंनी पळी घेऊन पातेलं ढवळलं, कलेजीचे दोन मऊ तुकडे शोधून काढले आणि आत्यांच्या ताटात घातले.