आबांच्या सेक्शनमधली कागदी माणसं

रविवारी दुपारी सांगलीत आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं-चौघं मित्र लढाई खेळतो. जेवणाच्या टेबलावर नकाशा, फासे आणि बोटाएवढे कागदी सैनिक. ते मी घरीच करतो. सैनिकाची पुढची आणि मागची बाजू डोक्याला डोकं लावून छापायची, मधोमध घडी घालून डिंकानं चिकटवायची, पुस्तकांखाली दाबून ठेवायची आणि वाळली की कडेनं कातरायची. "आवं, चाळिशी आली, आता तरी बाहुल्या सोडा की," बायको म्हणते. म्हणू दे बापडी. माझा हात ह्या कामात लय चांगला आहे, आणि चांगलं येतं असं माझ्याकडं दुसरं आहे काय?

आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे आबांना, मेढ्याहून सांगलीला आणलं. फौजेत नोकरी करून पेन्शनीत आलेला माणूस. महिनाभर ऱ्हाऊन बघतो, असं म्हणून आले होते. दिवसभर गॅलरीत गप्प बसायचे. काही विचारलं की "व्हय" नाहीतर "न्हाई", संपलं. महिना सरला की हे परत जाणार आणि त्या घरात एकटेच राहणार, ह्या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा.

त्यांच्या ट्रंकेत त्यांच्या सेक्शनचा, म्हणजे फौजेतल्या लहान तुकडीचा, जुना फोटो होता. म्हटलं, ह्यातल्याच माणसांचे सैनिक करू, आबांना बरं वाटेल. फोटो स्कॅन केला, तोंडं साफ केली. पण पाठी कुठून आणायच्या? सगळ्यांना एकसारखी हिरवी पाठ चिकटवली आणि ते सैनिक आबांच्या हातात ठेवले.

त्यांनी एकेक उलटून बघितला.

"आरं, ह्येची पाठ अशी कुठं हाय? ह्येच्या पाठीवर वायरलेस असायचा. आनि ह्यो डावा खांदा पाडून चालायचा."

"एवढं कसं ध्यानात राहिलं?"

"डोंगरात रांगेनं चालताना म्होरच्याची पाठच दिसती रं. तोंड कवा बघनार?"

मग काय, आबांना कंठच फुटला. आठवडाभर ते सांगायचे आणि मी पाठी नव्यानं काढायचो. कुणाचा पाठीवरचा पिट्ठू, कुणाचा दोर, कुणाच्या शर्टाला मारलेलं ठिगळ. बायकोसुद्धा चहा घेऊन शेजारी बसायला लागली. एकदा जेवताना आबांनी आपण होऊन अर्धी भाकरी मागून घेतली. मला वाटलं, जिंकलो गड्या! आबा आता राहतात.

तिथं थांबायचं की नाही? पण मला मित्रांपुढं मिरवायची हौस. रविवारी टेबलाशी खुर्ची टाकून आबांना बसवलं. नवे सैनिक थोडेच होते, म्हणून दोन्ही बाजूंना वाटून घेतले. एकाच सेक्शनची माणसं एकमेकांसमोर उभी केली आणि तेही माझ्या टाळक्यात आलं नाही. आमच्यात मेलेला सैनिक टिचकी मारून उडवायची पद्धत आहे. माझा फासा चांगला पडला. समोर वायरलेसवाला होता.

"मेला! मेला रे!" मी ओरडलो आणि अशी टिचकी हाणली की तो फरशीवर जाऊन पडला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

आबा गुडघ्यावर हात टेकत उठले. वाकून त्याला उचललं, फुंकर मारून धूळ झाडली.

"ह्यो एकदा गेलाय रं," ते म्हणाले. "माज्या म्होरंच गेला. परत कशाला?"

तोंड कुठं लपवू असं झालं मला. मित्र फाशांकडं बघत बसले.

"आबा, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

"तू इचारलंच न्हाईस." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "खेळा तुमी," म्हणाले आणि त्याला खिशात घालून आत गेले.

शरम वाटते ती ह्याची. आठवडाभर मी त्यांना दोर विचारले, ठिगळं विचारली. ह्यातलं कोण परत आलं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. आणि समोर कोण परका माणूस होता काय? माझा बाप होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची ट्रंक भरलेली होती. "साताऱ्याच्या गाडीत बशीव. तिथनं जातो मी मेढ्याला." बायकोनं हात जोडले, मी पाया पडलो. ऐकलं नाही. स्टँडवर गाडी लागली, तेव्हा कुठं माझं धाडस झालं.

"आबा, फोटोतले बाकीचे..."

"आता नगं इचारू," म्हणाले आणि गाडीत चढले.