चार हात धागा

कारभारीण दवाखान्यात गेली, त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघांनी तिच्या लुगड्याची घडी घातली. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. रक्ताच्या आजारात ती गेली. लुगडं तेवढं पिशवीत परत आलं. डॉक्टर म्हणले, लेकीचंही रक्त तपासा. भीतीनं मी लेकीला सांगितलंच न्हाई.

पुढं निलंग्याच्या एसटीत शेजारी एक बाई बसली. लातूरला जीवशास्त्र शिकवायची. बोलताना तिकिटाच्या घड्या घालायची, अंगठ्यानं दाबायची. तिला मी सगळं सांगून टाकलं.

"बाबा, एकेका पेशीच्या केंद्रकात चार हात धागा असतो," ती म्हणाली. "सुईच्या टोकाहून बारीक जागेत. प्रथिनं तो गुंडाळून धरतात. कुठली घडी उघडायची, कुठली मिटायची, ते बघतात. कधीकधी त्यांची पकड बिघडते, मग असा आजार जडतो."

"लेकीची बी बिघडली असंल?"

तिनं तिकीट उलगडलं, पुन्हा मिटलं. "तपासल्याशिवाय कळत नाही."

"धीर तरी द्या की, बाई!"

"धीर लेकीला लागेल, बाबा. तिला ठाऊक आहे का?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतलं चुरगाळलेलं लुगडं काढलं. एक टोक लेकीच्या हातात दिलं. घडी झाल्यावर म्हणलं, "चप्पल घाल. लातूरला तुझं रक्त तपासायचंय."