हस्ताई

डिंगोरे गावच्या स्मशानात तिसऱ्या दिवशी वडिलांना सावडायला सगळे जमले. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून मी भिंतीपलीकडे. भांडायचं त्राण नव्हतं. भावाला राखेत हात घालवेना, तेव्हा गावातला एक म्हातारा पुढे झाला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो एकेक हाड पाण्यात धुऊन मडक्यात ठेवायचा, झोपलेलं पोर ठेवावं तसं.

घाम पुसायला तो भिंतीशी आला. "ताई, तुमी काय करता?"

"हित्ती नावाची जुनी भाषा शिकवते. तुर्कस्तानातली, मेलेली. आपल्या संस्कृतच्या लांबच्या नात्यातली. आपण अस्थी म्हणतो, ते हस्ताई म्हणायचे. राजाला जाळलं की दुसऱ्या दिवशी पहाटे वेचायचे."

"कोन येचायचं?"

"बायका."

त्याने राखेचे हात धोतराला पुसले.

"माज्या लेकीला म्या सावडली. तिची आई हितंच बसली व्हती, भिंतीआड."

मग त्याने मला आत बोलावलं. भाऊ काहीतरी पुटपुटला; म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याने माझ्या ओंजळीत एक तुकडा ठेवला.

इतकी वर्षं हस्ताई हा शब्द मी फळ्यावर लिहीत आले. तो इतका हलका असेल, असं कधी वाटलं नव्हतं.