देवाशी भांडणारं घर

पुण्याला निघाले त्या संध्याकाळी ट्रॅव्हल्सची गाडी तासभर उशिरा आली, आणि बाबांनी त्याबद्दल ट्रॅव्हल्सवाल्याला नाही, मारुतीला झापलं. राजापेठेत रस्त्याच्या कडेला, माझ्या दोन बॅगा आणि आईने दिलेल्या मुगवड्यांच्या डब्याशेजारी उभे राहून ते वर बघत मोठ्याने म्हणाले, "काय रे मारोत्या, पोट्टी पयल्यांदा घर सोडून जाऊन राह्यली, अन् तुले एक गाडी वेळेवर धाडता येत नाई?" शेजारची एक चष्मेवाली मुलगी दचकून बाजूला सरकली. आई फक्त म्हणाली, "हयू बोला, लोकं पाहून राह्यले."

अकोला येईपर्यंत मी रडत होते. तिथे गाडी चहाला थांबली तेव्हा तीच चष्मेवाली जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या घरी देवाला असं बोलतात?" मी डोळे पुसत विचारलं, "मग तुमच्याकडे कसं बोलतात?" मला खरंच माहीत नव्हतं.

तुम्ही जे तिकडेच, आपल्या गावाकडे राहिलात, त्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना आठवत असेल तर आठवू द्या. आमचं फुलांचं रान होतं, परतवाडा रोडला, अजूनही आहे. झेंडू, शेवंती, बांधावर रुई आणि बेल. पहाटे फुलं तोडायची, हार करायचे आणि आईने ते राजापेठेत टेबलावर मांडायचे. त्यामुळे देव म्हणजे आमच्यासाठी आधी गिऱ्हाईक. सोमवारचा महादेव्या, मंगळवारचा गणप्या, शनिवारचा मारोत्या. "महादेव्याचा बेल राह्यला की वं!" अशी हाक घरात ऐकू आली की आम्ही भावंडं पळायचो. गारपीट झाली त्या वर्षी बाबा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मारुतीसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते. "डोये फुटले का तुये? तुयाच अंगावर चढनार व्हते न हे फुलं?" दुसऱ्या दिवशी उरलीसुरली फुलं वेचून पहिला हार त्याचाच केला. आम्हा पोरांनाही कुणी अडवलं नाही. सुई बोटात घुसली की आम्ही गणप्याच्या नावाने बोंब मारायचो आणि पुढचं फूल ओवायचो.

पुण्यात मात्र मी गोड बोलायला शिकले. माझं 'काहून' कधी 'का बरं' झालं ते मलाच कळलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'हो, चालेल' आणि लिफ्टमध्ये 'सॉरी हं, प्लीज' एवढ्यावर माझी तेरा वर्षं निभावली. सगळं छान आहे इथे, तक्रार करायला जागा नाही. नोकरी बरी, नवरा सांगलीचा असूनही शांत, आणि लेक ईरा, आता नऊ वर्षांची. ती पुणेरी बोलते, शाळेतलं इंग्रजी बोलते. पण दिवाळीच्या सुट्टीतून आणि आजोबांच्या व्हिडिओ कॉलमधून तिने एक गोष्ट बरोबर उचलली. पेन्सिल तुटली की "अरे मारोत्या!" आणि गणिताच्या पेपराला निघताना "गणप्या, बघ रे बाबा." आम्ही हसायचो.

यंदा सोसायटीच्या गणपतीत मात्र ते अंगाशी आलं. कुणी पाहुणे यायचे होते म्हणून आरती खोळंबली होती. पोरं भुकेली. ईरा पुढे गेली आणि थेट मूर्तीला म्हणाली, "ए गणप्या, तूच सांग ना यांना, किती वेळ?" काही लोक हसले, बरेचसे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुलभाकाकू मुलांना अथर्वशीर्ष शिकवतात. ईराला मोदक खाऊ घालणाऱ्या त्याच, बाई मनाने चांगली. त्यांनी ईराला जवळ घेतलं आणि समजावलं, "बाळा, देवाला असं बोललं की पाप लागतं." मग मला म्हणाल्या, "मुलांना सवय लागते हो. देवाचं नाव तोंडात राहतं, मनात राहत नाही."

घरी आल्यावर ईराने विचारलं, "आजोबा रोज म्हणतात. मग त्यांना पाप लागतं?"

"आजोबांचं वेगळं आहे," मी म्हणाले. वेगळं कसं, ते न सांगताच कुकर लावायला गेले.

तिने मग स्वतःच निकाल लावला. रविवारी कॉलवर आजोबांना म्हणाली, "आजोबा, सुलभाकाकू म्हणाल्या, देवाला मारोत्या म्हणायचं नाही. पाप लागतं. तुम्ही त्याला सॉरी म्हणा." बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. "बरं बाई," म्हणाले. आणि त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या कॉलला पाऊसपाणी विचारलं तर म्हणाले, "मारुतीरायाच्या कृपेनं सर्व ठीक आहे." बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसे माझे बाबा माझ्याशी बोलत होते. असे चार-पाच रविवार गेले. फोन ठेवल्यावर मला रडू यायचं. तेरा वर्षं पुण्यात राहून माझी भाषा गुळगुळीत झाली ते मी चालवून घेतलं होतं, पण बाबांचीही जावी? आणि तीही आमच्याच पोरीमुळे?

दिवाळीत गेलो तेव्हाही तेच. दुसऱ्याच दिवशी विहिरीवरची मोटर जळली. बाबांनी तोंड उघडलं, "मारो..." आणि ईराकडे बघून शब्द गिळला. ईराने ते पाहिलं. माझा हात धरून म्हणाली, "आई, आजोबा माझ्यामुळे गप्प आहेत का?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं.

बाबा झेंडूच्या ढिगाशेजारी बसले होते. ती जाऊन त्यांच्या समोर बसली. "आजोबा, तुम्हाला खरंच पाप नाही लागत?"

"तुयी काकू बरोबर बोल्ली," बाबा म्हणाले. मी चमकून बघितलं. ते सुईत दोरा ओवत होते. "मले सांग, तू आईवर चिडते का?"

"रोज."

"अन् शेजारच्या पोट्टीच्या आईवर?"

"नाही!"

"काहून नाई?"

"ती माझी कुठे आहे?"

"मंग मारोत्या तुया कधी झाला? काय केलं तू त्याचं? मी त्याच्यापुढचं झाडतो, शेंदूर लावतो, सकायी पयला हार त्याले घालतो, अन् मंग भांडतो. रिकाम्या हातानं देवाशी भांडू नाई." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पन तू बोल्ली तसा मलेच डाउट आला बाई. म्हटलं, इतके वर्सं चुकलोच का काय आपन."

ईराने त्यांच्या हातातली सुई मागून घेतली. एक हार करायला तिला अख्खी सकाळ लागली. एका बाजूला पिवळी फुलं जास्त, दुसरीकडे केशरी. दोनदा सुई टोचली, पण तोंडातून शब्द नाही. आईने मदतीला हात पुढे केला तर बाबांनी मान हलवली. मग आम्ही सगळे धुऱ्यावर गेलो. तिने हार घातला, एक बाजू लांब लोंबत होती.

"आता बोल काय बोलाचं ते," बाबा म्हणाले.

मला वाटलं गणिताचं काही निघेल. तिने आधी हात जोडले, मग सोडले, आणि अगदी बाबांसारखे कमरेवर ठेवले. "मारोत्या, आजोबांचे गुडघे किती दुखतात! तुला दिसत नाही का रे?"

बाबा पाठ फिरवून धुऱ्यावरचं गवत उपटायला लागले. बराच वेळ उपटत होते. परत येताना मोटरीपाशी थांबून मात्र त्यांनी असा काही आवाज लावला की बाजूच्या वावरातला माणूस उठून बघायला लागला. "मारोत्या, दिवाईच्या दिवसातच सुचलं का तुले हे?" आई हसायला लागली, मीही.

मुलांनी असं बोलावं का? मला विचाराल तर आता माझं म्हणणं बाबांचंच आहे. ईराला मी अडवत नाही, फक्त विचारते, आज त्याचं काय केलंस? पुण्याला आल्यापासून आम्ही दोघी मंडईतून फुलं आणतो आणि मंगळवारी सोसायटीच्या फाटकाजवळच्या छोट्या देवळातल्या गणपतीला हार करतो. काकूंना ईराने सांगितलं की तुम्ही बरोबर होतात, असं आजोबा म्हणतात. काकू खूश झाल्या. आधी हार घालायचा आणि मग भांडायचं, हे पुढचं ऐकल्यावर जरा बुचकळ्यात पडल्या.

तुळशीच्या लग्नाला त्यांनी आमच्या हारावर प्लास्टिकच्या झेंडूची माळ चढवली. टिकते म्हणून. मी ऑफिसमधून आले, पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "काहून हो काकू, आमचा हार झाकून हे प्लास्टिकचं कायले लावून राह्यल्या?" तेरा वर्षांत या इमारतीत मी कुणाशी असं बोलले नव्हते. वॉचमनसुद्धा वळून बघायला लागला. काकूंचे गाल लाल झाले. "मग रोज ताजा आणा ना! मंगळवारी घालता आणि गुरुवारी वाळतो, ते कुणी बघायचं?" त्यांचंही खरं होतं. आम्ही चांगल्या कडाकडा भांडलो. मग त्यांनी माळ काढली आणि मला चहाला वर नेलं.

रात्री जेवणाआधी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील, परक्या गावात लोकांशी असं वागू नये म्हणतील.

"भांडली?" बाबा म्हणाले. "बरं झालं. मले वाटे, पोट्टी अजून पाव्हनीच आहे तिथं."