डोंगराचा माथा दिसेपर्यंत
ओला पाला जळल्याचा वास आला की मला रत्नागिरीच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं, विमानाचं मैदान आठवतं. वारा कुठला ते वैमानिकाला कळावं म्हणून तिथे असाच धूर करत. मुंबईच्या विमानाला निघायचं निशाण दाखवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. एका सकाळी त्या विमानात माझी थोरली बहीण बसली होती, आणि मी तिला पोचवायला आले होते. मुंबईत तिचे यजमान अत्यवस्थ होते. पण समोरचा डोंगर धुक्यात पार बुडाला होता. "भावोजी, सोडा हो आता!" खिडकीतून ती रडत म्हणाली. "माथा दिसूंदे, अक्का. त्याच्यावरूनच जायचंय तुम्हाला," हे म्हणाले. बहिणीकडे बघायचा मला धीर होईना. ऊन तापलं, धुकं विरलं, तेव्हा कुठे ह्यांनी निशाण हलवलं. विमान लाल धूळ उडवत उठलं, चढत चढत डोंगरापार गेलं आणि त्याची घरघर समुद्राकडे विरली. बहीण वेळेवर पोचली, यजमानांशी बोलली. पण विमान दिसेनासं झालं तेव्हा ह्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला होता, आणि घरघर पार विरेपर्यंत सोडला नव्हता. पुढे एवढा संसार झाला, पण चारचौघांत हात धरला तो तेवढाच. आज हे नाहीत, आणि मला तो हात फार हवासा वाटतो.